वळणावर वाजणारा हॉर्न

गाडी डावीकडे वळवली की हॉर्न वाजतो, उजवीकडे वळवली की गप्प बसतो. सरळ रस्त्यावर काहीच तक्रार नसते. जुन्या जीपचा मालक या प्रकाराने चक्रावून जातो. "भाऊ, हॉर्न आपोआपच वाजून राह्यला," असं सांगत तो गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी किंवा आलापल्लीच्या गॅरेजात गाडी घेऊन येतो. जाणता मिस्त्री हॉर्नला हातही लावत नाही. तो स्टिअरिंगचं चाक दोन्ही हातांनी धरतो आणि ते वर-खाली, आडवं हलवून बघतो.

त्याचं कारण जीपच्या बांधणीत आहे. जुन्या जीपमध्ये हॉर्नपर्यंत बॅटरीचा करंट कायम पोचलेला असतो. हॉर्नमधून निघालेली दुसरी तार स्टिअरिंगच्या दांड्याकडे येते. बटण दाबलं की ती तार गाडीच्या धातूला, म्हणजे अर्थला, टेकते आणि हॉर्न वाजतो. पण बटण चाकाबरोबर फिरतं आणि तार तर फिरवता येत नाही. म्हणून दांड्यावर एक धातूची कडी बसवलेली असते, दांड्यापासून इन्सुलेशनने वेगळी ठेवलेली. बाहेरच्या स्थिर नळीला लावलेला ब्रश त्या कडीवर घासत राहतो, आणि कडीपासून पुढची तार पोकळ दांड्याच्या आतून वर बटणापर्यंत जाते. दांड्याला वरच्या टोकाशी आधार देणारं बेअरिंग झिजलं की दांडा नळीच्या मधोमध राहत नाही. वळताना हाताचा जोर एका बाजूला पडतो, दांडा कलतो आणि कडी नळीला टेकते. बटणावर बोट नसतानाही अर्थ मिळतो. कधी आतल्या तारेचं इन्सुलेशन घासून गेलेलं असतं, तेव्हाही हेच होतं.

म्हणजे तक्रार विजेची आणि दुखणं बेअरिंगचं. या प्रकरणात स्टिअरिंग आणि वायरिंग एकत्र घेतलं आहे ते एवढ्यासाठीच. जुन्या गाडीत बिघाड सुट्या भागांच्या पोटात कमी आणि दोन भागांच्या जोडात जास्त असतो. स्टिअरिंगच्या जोडात तो 'प्ले' म्हणून दिसतो, विजेच्या जोडात व्होल्टेज गळतं. दोन्हीकडे हिशेब बेरजेचा असतो आणि शोधायची रीतही एकच: टोकापासून टोकापर्यंत एकेक जोड तपासत जायचं, वाटेत एकही वगळायचा नाही.

हे शिकायला गडचिरोलीसारखी जागा शोधून सापडणार नाही. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला. त्यातली तीन-चतुर्थांशाच्या आसपास जमीन जंगलाखाली आहे. पावसाची सरासरी 1300 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. गडचिरोली शहरापासून भामरागड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सिरोंचा दोनशेच्या घरात. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा भामरागडपाशी एकत्र येतात. पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जात आला आहे. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तर वाटेतल्या बहुतेक नाल्यांवर पूलच नव्हते आणि पावसाळ्यात महिनोन्महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. अशा मुलखात गाडी बंद पडली की सुटा भाग चंद्रपूरहून किंवा नागपूरहून येईपर्यंत तिथेच थांबायचं. म्हणून इथल्या मिस्त्र्याला भाग बदलण्यापेक्षा दोष शोधण्याची कला जास्त यावी लागते, आणि ती येते.

या रस्त्यांवर सगळ्यात जास्त राबली ती जीप. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलीज जीपचे सुटे भाग आणून महिंद्राने चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला त्या जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-3बी हे उंच बॉनेटचं मॉडेल भारतात इतकं रुजलं की अमेरिकेत 1968 मध्ये त्याचं उत्पादन थांबल्यावरही इथे ते बनत राहिलं. ऐंशीच्या दशकात एमएम 540 आली, प्यूजोच्या 2112 सीसी डिझेल इंजिनासह. वनखातं, आरोग्यखातं, पोलीस, तेंदूपत्त्याचे ठेकेदार आणि काळीपिवळीवाले, सगळ्यांकडे याच घराण्यातल्या गाड्या. सरकारी जीप लिलावात निघायच्या आणि दुसरं, तिसरं आयुष्य जगायच्या. डिझेलच्या जीपचा एक मोठा गुण या भागात फार मोलाचा ठरला. तिच्या साध्या यांत्रिक पंपाला इंजिन चालू राहण्यासाठी विजेची गरज नसते. बॅटरी मेलेली असली तरी चार माणसांनी धक्का मारला की गाडी निघते, आणि पेट्रोलच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर पाणी उडून जिथे बंद पडतो तिथे डिझेल नाला ओलांडून जाते.

आता स्टिअरिंगची साखळी पाहू. चालकाच्या हातातलं चाक, त्याखाली दांडा, दांड्याच्या तळाशी स्टिअरिंग बॉक्स. बॉक्समधून बाहेर आलेल्या हाताला जोडलेली ड्रॅग लिंक. सीजे-3बीसारख्या जीपमध्ये ती चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर फिरणाऱ्या बेल क्रँकला जाते. तिथून दोन टाय रॉड दोन्ही चाकांकडे, आणि चाकं वळतात किंग पिनवर. या वाटेत बॉल जॉइंट, बुश आणि बेअरिंगं मिळून डझनभर जोड आहेत. प्रत्येकात केसभर जागा झाली तरी स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेवर त्याची केवढी बेरीज होते, ते आकड्यांत पाहावं.

जीपच्या रॉस पद्धतीच्या बॉक्सचं गुणोत्तर साधारण 14 ला 1 असतं, म्हणजे स्टिअरिंग चौदा अंश फिरवलं की खालचा हात एक अंश हलतो. तो हात पंधरा सेंटिमीटर लांब धरू आणि ड्रॅग लिंकच्या बॉल जॉइंटमध्ये फक्त एक मिलिमीटर जागा झाली आहे असं समजू. ही जागा भरून काढायला हाताला साधारण 0.4 अंश फिरावं लागतं. चौदाने गुणलं की स्टिअरिंगवर ते पाच अंशांच्या वर जातं. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर हे होतं जवळपास 19 मिलिमीटर. एका जोडातला एक मिलिमीटर चालकाच्या हातात दोन सेंटिमीटर होऊन येतो. असे चार जोड सैल झाले की गाडी रस्त्यावर चालवायची राहत नाही, अंदाजाने ढकलत न्यायची होते.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 98 प्रमाणे स्टिअरिंगच्या चाकावरचा हा सैलपणा 30 अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. तीस अंश म्हणजे वर्तुळाचा बारावा भाग, आपल्या चाकावर साडेदहा सेंटिमीटर. माझ्या मते ही मर्यादा फारच सैल आहे. एका बाजूला साग आणि दुसऱ्या बाजूला खड्डा, समोरून सुरजागडचं लोहखनिज भरलेला ट्रक, अशा रस्त्यावर साडेदहा सेंटिमीटर चाक फिरवूनही गाडी वळत नसेल तर ती कागदोपत्रीच धडधाकट आहे. त्याच नियमात बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना सुटणार नाहीत अशा अडकवलेल्या असाव्यात, असंही म्हटलं आहे. हा भाग प्रत्येक मालकाने गंभीरपणे घ्यावा. रबरी टोपी फाटली की ग्रीसमध्ये धूळ जाते, आणि ग्रीसमधली धूळ पोलादाला पॉलिश पेपरसारखी खाते.

तपासणीला दोन माणसं पुरतात. गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद. एक जण स्टिअरिंग जेमतेम डावी-उजवीकडे हलवत राहतो. दुसरा गाडीखाली झोपून प्रत्येक जोडावर हाताचा पंजा ठेवतो. ज्या जोडाच्या एका बाजूला हालचाल जाणवते आणि दुसऱ्या बाजूला उशिरा पोचते, तो जोड गेला. डोळ्याला न दिसणारी जागा तळहाताला कळते. बेल क्रँकवर विशेष लक्ष द्यावं. तो चिखल आणि पाण्याच्या थेट माऱ्यात असतो, त्याची पिन आणि बेअरिंग सगळ्यात आधी झिजतात, आणि दोष मात्र स्टिअरिंग बॉक्सच्या नावावर जातो.

इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. बॉक्सच्या बाजूच्या झाकणावर एक स्क्रू आणि लॉकनट असतो. चाकात प्ले आहे म्हटलं की पान्याने तो स्क्रू आवळला जातो, प्ले कमी झाल्यासारखा वाटतो आणि मालक खूश होऊन जातो. बॉक्सच्या आत काय आहे ते माहीत असलेला माणूस हे करणार नाही. रॉस बॉक्समध्ये दांड्याच्या टोकावर स्क्रूच्या आट्यांसारखी खोबण कापलेली असते आणि त्या खोबणीत आडव्या हाताच्या दोन निमुळत्या पिना बसतात. दांडा फिरला की पिना खोबणीतून सरकतात आणि हात झुलतो. गाडी सरळ जात असताना पिना जिथे असतात तिथे ही खोबण मुद्दाम थोडी तंग ठेवलेली असते, कारण सगळ्यात जास्त झीज तिथेच होणार हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून स्क्रू आवळायचा तो चाकं अगदी सरळ ठेवून, ड्रॅग लिंक सोडवून, आणि मधल्या जागी पुसटसा अडथळा जाणवेल इतकाच. चाकं वळलेली असताना आवळला तर सरळ आल्यावर पिना खोबणीत रुततात. मग वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, चालकाला ते ओढून आणावं लागतं, आणि थोड्याच दिवसांत पिना आणि खोबण दोन्ही खरवडून निघतात. दांड्याची वर-खाली हालचाल तर या स्क्रूने जातच नाही. ती वरच्या झाकणाखालच्या पातळ शिमा काढून घालवायची असते आणि ते काम आधी करायचं असतं. हे सगळं झाल्यावर बॉक्समध्ये तेल आहे का ते पाहावं. सील गळत असलेल्या बॉक्समध्ये ग्रीस कोंबायची पद्धत सगळीकडे आहे. ग्रीस खोबणीतून बाजूला सारलं जातं आणि परत येत नाही. तेल मात्र खोबणीत परत ओघळतं. सील बदलणंच योग्य.

बॉक्स ठीक असूनही संपूर्ण दांडा हलत असेल तर डॅशबोर्डखालचा क्लॅम्प आणि चासीवरचे बॉक्सचे बोल्ट पाहावेत. ठरलेल्यापेक्षा दुप्पट माणसं घेऊन वर्षानुवर्षं धावलेल्या जीपमध्ये या बोल्टांभोवती चासीलाच तडा गेलेला सापडतो. तिथली माती आणि गंज तारेच्या ब्रशने खरवडून, चांगल्या उजेडात बघितल्याशिवाय तो दिसत नाही. चासीचा तडा नीट खोलवर वेल्ड करून, वर पट्टी मारून दुरुस्त होतो. पण स्टिअरिंगचा हात, ड्रॅग लिंक, टाय रॉड किंवा चाकाजवळचा नकल यांना वेल्डिंग कधीही करू नये, आणि वाकलेला हात गॅसने तापवून सरळही करू नये. हे भाग घडीव पोलादाचे असतात आणि त्यांचा चिवटपणा कारखान्यात दिलेल्या उष्णतेच्या संस्कारातून येतो. गॅसच्या ज्योतीत तो निघून जातो. बाहेरून भाग पहिल्यासारखाच दिसतो आणि एखाद्या खड्ड्यात काडकन तुटतो. ब्रेक गेला तर गिअरने, हँडब्रेकने, चढावर घालून गाडी थांबवता येते. स्टिअरिंग सुटलं की चालकाच्या हातात काहीच उरत नाही. एवढ्या एका बाबतीत काटकसरीची गोष्ट कुणाची ऐकू नये. स्प्लिट पिनसुद्धा जुनी सरळ करून परत वापरू नये.

स्टिअरिंगचं चाक उतरवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. मधला नट सोडला तरी चाक दात्यांवर घट्ट बसलेलं असतं. खालून हातोडी मारून ते उडवलं की तो मार थेट दांड्यातून बॉक्सच्या बेअरिंगवर पोचतो. दोन पायांचा पुलर लावून, दांड्यावर आणि चाकावर खडूची खूण करून ते उतरवावं, म्हणजे बसवताना सरळ येतं. नव्या गाड्यांत हातोडीचा धोका आणखी मोठा आहे. जीपचा दांडा बॉक्सपासून छातीपर्यंत एकसंध पोलादी भाला आहे. समोरून धडक बसली की तो मागे येतो. अमेरिकेत 1 जानेवारी 1968 पासून नव्या मोटारींना आघात शोषून घेणारा आणि मागे न घुसणारा स्टिअरिंग कॉलम सक्तीचा झाला. अशा दांड्याचे दोन तुकडे एकमेकांत सरकतील असे, मऊ पिनांनी धरलेले असतात. हातोडीच्या घावाने त्या पिना तुटतात आणि ऐन अपघातात उपयोगी पडायची रचना गॅरेजातच खर्ची पडते.

टाय रॉडचा जोड बदलल्यावर पुढच्या चाकांचं अंतर मोजावंच लागतं. त्यासाठी चंद्रपूरच्या अलाइनमेंट मशीनची वाट पाहायचं कारण नाही. चाक उचलून टायरच्या मध्यावर खडूची रेघ फिरवावी. मग गाडी जमिनीवर ठेवून, अ‍ॅक्सलच्या उंचीवर, दोन्ही रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपने मोजावं. विलीज घराण्याच्या जीपला पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक ते अडीच मिलिमीटर कमी हवं. एवढं काम सपाट ओट्यावर अर्ध्या तासात होतं आणि टायरचं आयुष्य कितीतरी वाढवतं.

आता वीज. दोन हेडलाइट 60 वॅटचे, म्हणजे 12 व्होल्टवर मिळून 10 अँपिअर. हा करंट बॅटरीपासून स्विच, फ्यूज, जोडण्या पार करत दिव्यापर्यंत जातो आणि बॉडी, चासी, अर्थची पट्टी अशा वाटेने बॅटरीत परत येतो. परतीच्या वाटेकडे कुणाचं लक्ष नसतं. बॉडी आणि चासीमधल्या गंजलेल्या बोल्टपाशी 0.1 ओहम एवढा रोध तयार झाला, तर ओहमच्या नियमाने तिथे 10 गुणिले 0.1, म्हणजे 1 व्होल्ट गळतो. दिव्याला 11 व्होल्ट मिळतात. तापणाऱ्या तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. या एका व्होल्टने प्रकाशाचा चौथा हिस्सा जातो. तोच जोड सेल्फच्या वाटेवर असेल तर परिस्थिती आणखी वाईट. सेल्फ 200 अँपिअरपर्यंत करंट ओढतो, तिथे 0.01 ओहमसुद्धा 2 व्होल्ट खातो. सेल्फ कण्हतो, मालक नवी बॅटरी घेतो, आणि महिन्याभरात तीही कण्हायला लागते. पाच हजारांचा खर्च होतो आणि पॉलिश पेपरने घासायचा बोल्ट तसाच राहतो.

हा जोड शोधायची खात्रीची रीत अशी. दिवे लावून ठेवावेत, म्हणजे वाटेतून करंट वाहत असेल. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं दिव्याच्या अर्थवर लावावं. काटा जवळपास शून्यावर राहिला तर परतीची वाट चोख आहे. अर्धा-एक व्होल्ट दाखवला तर तेवढा वाटेत गळतो आहे. मग दुसरं टोक एकेक जोड मागे आणत जावं. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारतो, तोच दोषी. पॉझिटिव्ह बाजूलाही असंच करावं. गाडीखाली झोपून पंजाने जे केलं तेच इथे मीटरने करायचं आहे.

नुसतं बीप वाजवून तार तपासणं मात्र फसवं असतं. वीस केसांच्या तारेतले एकोणीस तुटले आणि एक राहिला तरी मीटर बीप देतो, कारण तो नगण्य करंट पाठवून बघतो. खरा पाच अँपिअरचा भार आला की तो एक केस पुरत नाही. आपल्या मिस्त्र्यांचा जुना टेस्ट लॅम्प इथे मीटरपेक्षा सरस ठरतो. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन तारांना लावला की तो पावणेदोन अँपिअरचा भार टाकतो आणि लंगडी तार लगेच उघडी पडते. हे साधन गरिबीतून आलेलं असलं तरी त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. तेवढी एकच सवय मोडावी: टेस्टरची सुई तारेत खुपसून करंट बघण्याची. त्या भोकातून पावसाळ्याचं पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि वर्षभराने तार आतूनच तुटते.

तारा जोडतानाही पावसाचा विचार हवा. पिळून, वर कापडी टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात चालतो आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. पितळी टर्मिनल नीट क्रिम्प करावं, वर तापवून आवळणारी स्लीव्ह घालावी. सोल्डर केलेला जोड चांगला, पण सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि जीपच्या कंपनांनी तिथेच मोडते. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना तार क्लिपने बॉडीला बांधावी. बॅटरीच्या टोकांवर आणि अर्थच्या बोल्टांवर, घासून घट्ट केल्यानंतर, पेट्रोलियम जेली चोपडावी. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडावा. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअरची ठिणगी पडते, आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार बसवलेली गाडी मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. फ्यूज वारंवार जातो म्हणजे कुठेतरी तार घासते आहे. फ्यूजने जळण्याचं काम केलं नाही तर ते काम पूर्ण वायरिंग करतं, डिझेलच्या नळीशेजारून. जुन्या जीपमध्ये फ्यूज मुळातच कमी असतात. बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज आणि एक कटऑफ स्विच वाढवून घेणं हा या गाडीवर करता येण्याजोगा सगळ्यात शहाणा खर्च आहे.

दुसरा शहाणा खर्च रिलेचा. पद्मिनी, अँबेसेडर आणि जिप्सीसारख्या गाड्यांत दिवे-इंडिकेटरचा स्विच स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसतो. हेडलाइटचा सगळा करंट त्याच्या इवल्या संपर्कबिंदूंतून गेला की ते काळे पडतात, स्विच गरम होतो, प्लास्टिक वितळतं. रिले लावला की स्विचमधून अँपिअरचा लहानसा अंश जातो आणि मोठा करंट बॅटरीपासून जाड तारेने थेट दिव्याला मिळतो. ताडोब्यात वर्षानुवर्षं सफारीला धावलेल्या जिप्सींना हे विशेष लागू आहे. 1985 मध्ये आलेल्या या गाडीचं सर्वसामान्यांसाठीचं उत्पादन आता थांबलं आहे. दांड्यावरचा मूळ स्विच जपून वापरावा अशी वस्तू झाली आहे. जिप्सीचा स्टिअरिंग बॉक्स वेगळ्या पद्धतीचा, पोलादी गोळ्यांवर फिरणारा, पण त्याच्या स्क्रूच्या बाबतीत वर सांगितलेलं पथ्य तसंच पाळावं. अँबेसेडरला बॉक्सच नसतो, तिथे रॅक आणि पिनियन. पद्मिनीच्या दांड्याला गिअरचा दांडाही जोडलेला. त्याचे बुश झिजले की गिअर अडकतो आणि लोक उगाच गिअरबॉक्स उतरवतात.

चार्जिंगची एक अडचण खास या मुलखाची आहे. जुन्या जीपला डायनमो असतो आणि डायनमो कमी वेगात जवळपास काहीच देत नाही. चिखलातून तासाला पंधरा किलोमीटरने, दिवे आणि वायपर लावून दोन तास जायचं म्हणजे सगळा भार बॅटरीवर. त्यामुळे डायनमोच्या जागी अल्टरनेटर बसवणं इथे चैन मानू नये. फक्त अल्टरनेटरच्या आत डायोड असतात, हे विसरू नये. बॅटरी उलटी जोडली तर ते क्षणात जातात, आणि बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवले नाहीत तरीही जातात. ब्रिटिश घराण्यातल्या फार जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थला असतो. तिथे आधी ते तपासावं. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांवर जातो तेव्हा बॅटरीतलं पाणी झपाट्याने आटतं. मार्च ते जून दर पंधरवड्याला झाकणं उघडून, प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड पाणी भरावं, नळाचं किंवा विहिरीचं नाही.

काम संपल्यावर गाडी आधी मोकळ्या मैदानात हळू चालवावी. वळून चाक सैल सोडलं की ते आपोआप सरळ आलं पाहिजे. दोन्ही टोकांपर्यंत वळवताना ब्रेकची नळी किंवा एखादी तार ताणली जात नाही ना, ते बाहेर उभ्या माणसाने पाहावं. शंभर किलोमीटरनंतर बॉक्सचे, क्लॅम्पचे आणि बेल क्रँकचे बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण नव्या शिमा आणि गॅस्केट दबून बसतात. नाला ओलांडून आलेल्या जीपच्या प्रत्येक ग्रीस निपलला त्याच दिवशी गन लावावी, जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येईपर्यंत. किंग पिनच्या गोल कवचातून बाहेर आलेलं ग्रीस दुधाळ दिसलं तर तिथलं फेल्टचं सील गेलं आहे. ते बदलूनच पुढच्या नाल्यात गाडी घालावी.